साक्ष तपासून ठेवलेला विश्वास

ख्रिस्ती झालेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. बाहेरचे म्हणतात, भुलला; नोकरीला, शिक्षणाला, साहेबाच्या गोड शब्दाला. मंडळीतले म्हणतात, प्रभूने हाक मारली. पहिल्या उत्तरात त्या माणसाला अक्कल नसते आणि दुसऱ्यात अकलेची गरज नसते. या दोन उत्तरांच्या मध्ये एकोणिसाव्या शतकातली मराठी माणसांची एक मोठी फळी दिसेनाशी झाली आहे. त्यांनी वर्षानुवर्षं वाचलं, वाद घातले, पत्रं लिहिली, घरच्यांचा आकांत सोसला आणि मग बाप्तिस्मा घेतला. काहींनी तेवढंच वाचलं आणि घेतला नाही. या दोन्ही प्रकारच्या माणसांच्या लेखनातले वेचे या पुस्तकात शेजारी शेजारी ठेवले आहेत. अभ्यासाने आणि विचाराने माणूस ख्रिस्ती विश्वासापर्यंत पोहोचू शकतो का, हा प्रश्न त्यांच्यापुरता पुस्तकी नव्हता. उत्तरावर घर, जात, बायकामुलं आणि वारसा, सगळंच अवलंबून होतं.

मी ख्रिस्ती घरात वाढले, त्यामुळे या प्रश्नाची झळ मला उशिरा लागली. जन्माने मिळालेल्या धर्माचं कोणी कारण विचारत नाही. नीलकंठशास्त्री गोऱ्यांचं चरित्र हाती आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या घरात रोज संध्याकाळी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेमागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची झुंज उभी आहे. तेव्हापासून हा माणूस मनातून गेलेला नाही. म्हणून या प्रस्तावनेत त्यांना जास्त जागा मिळाली आहे, आणि ती त्यांना मिळायलाच हवी होती.

१८३९ साली जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. गुरुशिष्य-संवादाची आपल्या ओळखीची मांडणी आणि श्लोकबद्ध रचना. खरा धर्म ओळखायच्या तीन खुणा त्याने सांगितल्या: संस्थापकाने केलेले चमत्कार, शास्त्राचं पावित्र्य आणि ते सर्व मानवांसाठी असणं. युक्तिवाद मुळात म्यूरचा नव्हता. विल्यम पेली या इंग्रज धर्मशास्त्र्याने १७९४ साली ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवर एक पुस्तक लिहिलं होतं आणि पुढे दोन पिढ्या इंग्लंडमधली शिकलेली मुलं त्यावरच पोसली गेली. साक्षीदार विश्वासार्ह आहेत, त्यांनी साक्षीसाठी छळ सोसला, म्हणून त्यांनी सांगितलेले चमत्कार खरे आणि म्हणून धर्म खरा, अशी ती कोर्टातल्यासारखी साखळी.

म्यूरला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरं दिली. पहिलं सोमनाथ या नावाने निघालं. त्या नावामागे सुबाजी बापू हे मराठी ज्योतिषी होते असं अभ्यासक मानतात. दुसरं बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननांचं. तिसरं, सगळ्यांत सविस्तर आणि सगळ्यांत धारदार, काशीच्या एका विशीतल्या चित्पावन तरुणाचं. 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हे त्या उत्तराचं नाव, लेखक नीलकंठ गोरे. घराणं मूळचं कोकणातलं, जन्म १८२५ साली झाशीजवळ, शिक्षण काशीत. घरची शिवभक्ती सोडून तो स्वतःच्या विचाराने विष्णुभक्तीकडे वळला होता. म्हणजे मिळालं ते तसंच पुढे चालवायचं, हा त्याचा पिंडच नव्हता.

त्या पुस्तकातले त्याचे आक्षेप आजही कुणी मांडले तर ख्रिस्ती माणसाला घाम फुटेल. पूर्वजन्म नाही म्हणता, मग तान्ह्या मुलाच्या आणि मुक्या प्राण्यांच्या वाट्याला दुःख कुठून आलं? चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला कधीच न संपणारी शिक्षा देणारा देव न्यायी कसा? या जोडीला त्याचा एक मूलभूत मुद्दा होता: शास्त्र मानवी तर्काच्या तराजूत घालायचंच नसतं. आधी श्रद्धा, मग तिच्या कुंपणात राहून तर्क. मोकाट सुटलेला तर्क कुठेही नेतो आणि कुठेच टिकत नाही.

हे लिहिणारा माणूस मार्च १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतो.

मधल्या वर्षांत घडलं ते असं. काशीत विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी होते. नीलकंठ त्यांच्याकडे गेला तो त्यांना गप्प करायला. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं ती वितंडा. मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात १८३०च्या सुमारास झडलेल्या चर्चा, किंवा १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी समुद्रकिनारी गाजवलेल्या सभा वाचल्या की जल्पाची रंगत कळते. दोन्ही बाजूंचे हजरजबाबी, दोन्ही बाजूंना टाळ्या. पण अशा सभेतून कुणाचा जन्मभराचा निर्णय होणं कठीण, कारण तिथे हरणाऱ्याला विचार करायला सवडच नसते. नीलकंठही जल्पासाठीच निघाला होता. मात्र स्मिथकडून घेतलेली पुस्तकं त्याने घरी नेली आणि एकांतात वाचली. तिथे समोर हरवायला कोणी नव्हतं. म्यूरला विचारलेले प्रश्न आता त्याला स्वतःच्या शास्त्रांनाही विचारावे लागले, आणि एकदा विचारल्यावर ते परत घेता येईनात.

पुढे नेहेम्या गोरे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने १८६० साली 'षड्दर्शनदर्पण' लिहिला. सहाही दर्शनांची तर्कशुद्ध चिकित्सा म्हणून तो गाजला. दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. यातला वेचा पुस्तकात आहे आणि तो वाचताना वाचकाने सावध असावं असं मी सुचवीन. ईश्वर, जीव आणि माया यांवर गोरे जे प्रश्न विचारतात त्यांची धार विलक्षण आहे. पण तीच धार ते त्रैक्याच्या सिद्धांतावर तेवढ्या निष्ठुरपणे चालवत नाहीत. माझ्या मते हा ग्रंथ त्यांच्या बुद्धीचा उत्तम नमुना आहे, त्यांच्या विश्वासाचा नाही. त्यांचा विश्वास पाहायचा तर त्यांच्या शंकांकडे जावं लागतं.

कारण शंका संपल्या नाहीत. १८५४ च्या सुमारास महाराजा दुलीपसिंगांच्या बरोबर ते इंग्लंडला गेले. पुराव्यांच्या ज्या पुस्तकांवर मिशनऱ्यांचा एवढा भरवसा होता ती तिथे त्यांनी मुळातून अभ्यासली, आणि त्यांची अस्वस्थता उलट वाढली. लंडनमधलं ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचं जगणं पाहून ते किती खचले होते, हे मॅक्सम्युलरने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे. तरी ते परत फिरले नाहीत. पुढे पाळकपदाची दीक्षा घेतली, पुण्यात राहिले, फकिरासारखे जगले, १८९५ साली वारले. हा सगळा काळ ते स्वतःशी वाद घालत होते. ज्यांना विश्वास म्हणजे शंकेचा शेवट वाटतो त्यांना हे आयुष्य अर्धवट वाटेल. मला ते फार प्रामाणिक वाटतं. विचार करत इथवर आलेल्या माणसाला आता विचार थांबव असं सांगणं अन्यायाचं आहे, आणि गोऱ्यांनी स्वतःवर तो अन्याय होऊ दिला नाही.

उत्तरायुष्यात प्रार्थनासमाज आणि ब्राह्मसमाजातल्या मंडळींना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिले. निव्वळ बुद्धीने देव दयाळू आहे, तो पापाची क्षमा करतो, हे तुम्हाला कळलं असं तुम्ही म्हणता. पण जगाकडे नुसतं पाहून एवढी खात्री कुणालाही झालेली नाही, ही खात्री तुम्ही कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतली आहे. त्यांचा रोख अर्थातच ख्रिस्ती शिकवणीवर होता. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सोबती हे मान्य करणारे नव्हते. त्यांना तुकोबांकडून आणि उपनिषदांतून तेच मिळत होतं, आणि त्यांचं म्हणणं खोडणं सोपं नाही. पण गोऱ्यांच्या बोलण्यातला 'सांगण्यावरून' हा भाग मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी जाणारा वाटतो.

प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, ही न्यायाची चार प्रमाणं. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतःला ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात इथे एक फार मोठ्या मनाचं वाक्य लिहिलं आहे: आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू आहे. न्याय शिकलेल्या गोऱ्यांना हे ठाऊक नसणार असं होत नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणं हा बुद्धीचा पराभव नाही, तो बुद्धीचाच एक व्यवहार आहे, असं आपली परंपरा म्हणत आली. आपल्या आईचं नाव, पानिपतची लढाई, डॉक्टरांनी सांगितलेलं निदान, सगळं आपण शब्दावरच घेतो. विचाराचं काम असतं ते सांगणारा तपासण्याचं. त्याला ठाऊक होतं का? त्याला खोटं बोलण्यात काही लाभ होता का? त्याची चूक होऊ शकेल का?

ख्रिस्ती विश्वासाचा गाभा अशाच एका साक्षीचा आहे. नाझरेथचा येशू क्रूसावर मेला; पंतय पिलाताच्या अमलात त्याला देहदंड झाला, हे रोमन इतिहासकार टॅसिटसही सांगतो. तो उठला, हे सांगणारी सर्वांत जुनी लिखित साक्ष पौलाच्या पत्रात आहे. ती घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांची, आणि तिच्यात ज्यांना तो दिसला त्यांची यादी आहे. शुभवर्तमानांत कबरेकडे पहिल्यांदा जातात त्या बायका, आणि त्या काळच्या यहुदी समाजात बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. गोष्ट रचायचीच होती तर असे साक्षीदार कुणी निवडले नसते, हा मुद्दा मला वजनदार वाटतो. त्याच वेळी चारही वृत्तांतांचा तपशील एकमेकांशी नीट जुळत नाही, आणि प्रामाणिक साक्षीदाराचीही गफलत होते, हेही खरं. अभ्यास इथवर आणतो: काहीतरी घडलं, सांगणारे लबाड दिसत नाहीत, त्यांच्या सांगण्याची दखल घेतल्याशिवाय सुटका नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हद्द आखली होती ती जवळपास हीच. ईश्वर आहे इथवर बुद्धी पुराव्याने जाते. त्रैक्य किंवा देहधारण ती सिद्ध करू शकत नाही. त्यावरचे आक्षेप निर्णायक नाहीत एवढंच ती दाखवू शकते.

पुढचं पाऊल कसं पडतं ते पंडिता रमाबाईंच्या कागदपत्रांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

रमाबाईंचा प्रवासही पुस्तकांमधूनच झाला. कलकत्त्यात कुणी संस्कृत बायबल हाती दिलं, त्यातलं काही उमगलं नाही. लग्नानंतर आसामात सिल्चरच्या घरी पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं, ते मात्र धरून ठेवलं. वैधव्यानंतर १८८२ मध्ये पुण्यात आल्या, तिथे गोऱ्यांची गाठ पडली. १८८३ साली इंग्लंडात गेल्यावर लंडनच्या फुलहॅम भागात सिस्टर्सनी चालवलेलं, समाजाने टाकलेल्या बायकांसाठीचं आश्रयस्थान त्यांनी पाहिलं. या बायकांना इतक्या मायेने का वागवता, असं त्यांनी विचारलं आणि उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. धर्मशास्त्रांत बाई आणि शूद्र यांच्यासाठी काय लिहिलं आहे ते मुखोद्गत असलेल्या या पंडितेने तिथे मनाशी तुलना केली. तरी प्रश्न राहिलेच होते. ते सुटले गोऱ्यांच्या एका दीर्घ पत्राने. ख्रिस्ती धर्म ईश्वराने दिलेला आहे याला प्रमाण काय, हाच त्या पत्राचा विषय. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला.

त्या पत्रातला युक्तिवाद आज वाचला तर फार असामान्य वाटत नाही. मग तो रमाबाईंना का पटला? पुढे वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइनना लिहिताना त्यांनी याचं कारण दिलं आहे: गोऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना हे पटलं नसतं. सांगणारा त्यांच्यासारखाच शास्त्रं कोळून प्यालेला होता, त्याने त्यासाठी सगळं गमावलं होतं, आणि त्याच्या बोलण्यात जिंकण्याचा आव नव्हता. वात्स्यायनाच्या व्याख्येतला आप्त रमाबाईंना असा भेटला. प्रमाणाबरोबर प्रमाण देणाराही त्यांनी तपासला, आणि मला तरी यात बुद्धीची कुठलीच हार दिसत नाही.

बाप्तिस्म्यानंतरची त्यांची पत्रं हे या पुस्तकाचं वैभव आहे. ज्या सिस्टर जेराल्डाइनना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, त्यांच्याशीच त्या वर्षानुवर्षं भांडल्या. बायबलात जे सापडत नाही ते चर्च सांगतं म्हणून मानणार नाही. अथनेशियसचा मतांगीकार म्हणणार नाही. त्रैक्य समजल्याशिवाय समजलं असं म्हणणार नाही. अंडं घातलेलं पक्वान्न खाणार नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन वचन का? आमची संस्कृत काय कमी पवित्र आहे? सिस्टरांना हा गर्व वाटला. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजच्या प्रमुख डॉरोथिया बील यांना मात्र तो प्रश्न विचारणाऱ्या मनाचा हक्क वाटला, आणि त्यांनी तशीच उत्तरं दिली. दोघींची पत्रं एकापुढे एक ठेवून वाचावीत. शंकेखोर माणसाशी मंडळीने कसं वागावं आणि कसं वागू नये, हे शिकवणारं एवढं बोलकं साहित्य मराठी ख्रिस्ती समाजाला अंगणातच मिळालं आहे आणि आपण ते क्वचितच उघडतो.

१९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई मागे वळून पाहतात तेव्हा एक अवघड कबुली देतात. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं त्यांना धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन वाचताना त्यांना हे उमगलं. गंमत नाही, खरोखरच लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हेही वाचनातूनच उमगलं. जॉन हेन्री न्यूमनने १८७० साली ज्या दोन संमतींमध्ये फरक केला होता त्यांचं हे जिवंत उदाहरण म्हणता येईल. एक संमती विधानाला, दुसरी समोर उभ्या असलेल्या वास्तवाला. मात्र १८९१ च्या अनुभवामुळे १८८३ चा अभ्यास वाया गेला असा अर्थ कुणी काढू नये. रमाबाईंनी स्वतः तो काढला नाही. पुढे केडगावात निराधार बायकांसाठीच्या मुक्तिसदनाचा पसारा सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मुळातून, बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. ज्याला अभ्यास ही केवळ आत येण्याची वाट वाटते तो आत आल्यावर असले कष्ट घेत नाही.

आता दुसऱ्या बाजूची माणसं. ही नसती तर पुस्तक लबाड झालं असतं. जातिभेदाविरुद्धच्या परमहंस सभेत बाबा पदमनजी होते, आणि दादोबा पांडुरंगही. एकाच काळचं वातावरण, तोच जातिभेदाचा तिटकारा, तीच पुस्तकं. पदमनजी १८५४ साली बेळगावात ख्रिस्ती झाले आणि तीन वर्षांनी 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचा प्रश्न मराठी गद्यात आणला. दादोबांनी, आपल्या व्याकरणकारांनी, स्वीडनबोर्गसारख्या ख्रिस्ती गूढवाद्याचा खोल अभ्यास केला, त्यावर १८७८ साली इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि हिंदूच राहिले. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही, पण त्यांच्या विचारावर पगडा बसला तो टॉमस पेनचा, आणि ते सार्वजनिक सत्यधर्माकडे गेले. यांतला कोणी कमी वाचत होता किंवा कमी प्रामाणिक होता असं म्हणण्याची माझी छाती नाही. विचाराची वाट ख्रिस्ताकडे जाऊ शकते. ती सक्तीने नेत नाही. नेत असती तर तो विश्वास उरला नसता, गणित झालं असतं.

ज्यांच्यापाशी ग्रंथांचा अभ्यास नव्हता अशांनाही या संग्रहात जागा दिली आहे, ते संपादकांनी फार चांगलं केलं. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही हकिगत सर्वांना ठाऊक आहे. मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही सोवळंओवळं कसोशीने सांभाळणाऱ्या या बाईने एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःशी विचार केला की देवाने केलेल्या जाती दोनच, पुरुष आणि बाई. बाकीच्या माणसांनी केल्या. सकाळपासून तिने शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. तिच्या 'स्मृतिचित्रे'मधला हा भाग अनुमानाचा उत्तम नमुना आहे. पाठशाळेत न गेलेल्या बाईचा तर्क काशीच्या पंडितापेक्षा थोडक्यात आणि तितकाच पक्का चालला.

संपादकांनी वेचे कालक्रमाने लावले आहेत. वाचकाला मात्र मी वेगळा क्रम सुचवीन. आधी 'शास्त्रतत्त्वविनिर्णया'तले आक्षेप वाचावेत, ते पूर्ण ताकदीने अंगावर घ्यावेत, आणि उत्तरं शोधायला घाई करू नये. मग रमाबाईंची चेल्टनहॅमची पत्रं, त्यानंतर दादोबा आणि फुले. गोऱ्यांचं ते दीर्घ पत्र शेवटी ठेवावं. ज्यांना ते पटणार नाही त्यांनी का पटलं नाही हे समासात लिहून ठेवावं. १८४४ साली काशीतल्या त्या तरुणाने म्यूरच्या पुस्तकाबाबत नेमकं हेच केलं होतं.